माहेरून आलेलं दुखणं

आमच्या आरोग्य खात्यात औषधांना नावापेक्षा रंगाने जास्त ओळखत. बायकांच्या ओटीपोटाच्या आणि अंगावरून जाण्याच्या तक्रारींसाठी रंगीत पाकिटं यायची. हिरवं, पांढरं, निळं, लाल. ओटीपोटात दुखत असेल तर पिवळं. आत जंतूंवरच्या गोळ्या असत, आणि नवऱ्यालाही औषध द्यायचं असे, कारण असा जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि एकट्या बाईने गोळ्या खाऊन भागत नाही. प्रशिक्षणात हे शिकवलं तेव्हा मला फार पटलं होतं. मी नर्सबाई, डॉक्टर नव्हे. माझ्याकडे तपासायला दोन हात, एक वजनकाटा आणि बीपीचं यंत्र, तेही निम्मं वर्ष दुरुस्तीला गेलेलं. अशा वेळी पिवळं पाकीट म्हणजे मोठा आधार वाटे.

नवऱ्यांना त्या गोळ्या खायला लावणं हे वेगळंच काम होतं. "मले काय झालं? मी काऊन खाऊ?" हे उत्तर मी नोकरीभर ऐकलं. एका बहाद्दराने तर बायकोचं पाकीटही स्वतःच संपवलं आणि वर मला सुनावलं, "मर्दाले डबल डोस लागते, बाई." निवृत्त झाल्यावर हे किस्से मी पुष्कळ सांगितले आणि लोक हसले. वनिताची गोष्ट मात्र मी कुणाला फारशी सांगितली नाही. त्या गोष्टीत हसण्यासारखं थोडं आहे, आणि चूक माझी आहे.

वनिता जिथे भेटली ते उपकेंद्र बीबी-साखरखेर्ड्याच्या पट्ट्यात होतं. गावाचं नाव लिहीत नाही. माणसं अजून तिथेच राहतात. बीटी कापूस तेव्हा घरोघर पोचला होता. बाकीच्या मुलखात लोक त्या बियाण्यासाठी दुकानापुढे रांगा लावत, आणि आमच्या भागातले काही शेतकरी तेच बियाणं कंपन्यांना पिकवून देत. त्याला सीड प्लॉट म्हणत. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. नराच्या ओळी वेगळ्या, मादीच्या वेगळ्या. उद्या उमलणारी मादीची कळी आज दुपारनंतर हेरायची, अंगठ्याच्या नखाने तिच्या पाकळ्या आणि पुंकेसर काढायचे, मधली काडी तेवढी ठेवायची आणि ओळखायला लाल कागद लावायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नराची फुलं टोपलीत घेऊन एकेका काडीवर फिरवायची. याला सगळे क्रॉसिंग म्हणत. दोन-अडीच महिने रोज, एकही खाडा न करता, हजारो कळ्या. हे सगळं काम बायकांच्या नखांवर चाले.

त्या दिवसांत घरभेटीला गेलं की घरोघर कुलूप. मग मी पिशवी खांद्याला अडकवून प्लॉटवरच जायची. बांधावर बसून लोहाच्या गोळ्या द्यायच्या, फवाऱ्याने डोळे चुरचुरत असतील तर धुवायला लावायचे, कुणाचे दिवस चुकले असतील तर विचारायचं. वरून आम्हाला भरायला तक्तेही येत. घरातला कर्ता गप्प गप्प असतो का, जेवण टाकलंय का, फवारणीचं औषध कुठे ठेवता. ते विचारणं गरजेचंच होतं. त्या भागात काही घरांत वाईट घडून गेलं होतं. पण त्या तक्त्यात बाईच्या दुखण्याला रकाना नव्हता, आणि तो असायला हवा होता असं मलाही तेव्हा वाटलं नाही.

वनिता तेवीस वर्षांची. लग्नाला चार वर्षं झालेली, मूल नाही. प्लॉटवर तिचा हात सगळ्यांत चपळ. मात्र दर महिन्याला पाळी यायच्या दोन दिवस आधीपासून ती आडवी व्हायची. उलट्या, कंबर धरलेली, आणि त्या दिवसांत संडासला बसणंही जिवावर यायचं. आधी चार दिवस जायचे, मग आठ, पुढे पुढे अर्धा महिना. फुलं कुणासाठी थांबत नाहीत, त्यामुळे तिच्या ओळी दुसऱ्या बायांना ओढाव्या लागत आणि त्या कुरकुरत.

ती पहिल्यांदा माझ्याकडे आली ती सासूबरोबर. सासू म्हणजे गंगाबाई. उंच, काटक, बोलायला धारदार बाई. मी वनिताला काही विचारलं की उत्तर गंगाबाईंकडून येई. "दुखते म्हन्ते. आता पाळीत कोनाले दुखत नाही? पन हिचं नाटक जास्त. गोळी द्या एखांदी." मी ओटीपोट दाबून पाहिलं, वनिता कळवळली, आणि मी पिवळं पाकीट दिलं. दोन महिन्यांनी पुन्हा तेच, मी पुन्हा पिवळं दिलं. त्यानंतर तिसऱ्यांदा दिलं. दर वेळी नवऱ्यासाठीही गोळ्या दिल्या, अगदी नियमाप्रमाणे. गुण आला नाही तर औषध चुकतंय का, असा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. नवरा खात नसणार, एवढंच मी मनाशी धरलं.

तिचा नवरा संतोष वाईट माणूस नव्हता. पहिल्या वेळच्या गोळ्या त्याने टाकून दिल्या, दुसऱ्या वेळी खाल्ल्या. तिसऱ्या वेळी पाकीट घेऊन तो थेट उपकेंद्राच्या दारात आला. आवाज चढवला नाही. "सिस्टर, हे औषध कायचं असते ते मले दोस्तानं सांगतलं. मी कुठं बाहेर जात नाही. मंग हिले हे आलं कुठून?"

मी काहीतरी पुटपुटले. सूज कशानेही येते, जंतू पाण्यातूनही जातात, असलं काहीबाही. त्याने ऐकून घेतलं आणि पाकीट टेबलावर ठेवून निघून गेला. त्याच आठवड्यात वनिताची माहेरी पाठवणी झाली.

इथे एक नातं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. गंगाबाई ही वनिताची सख्खी आत्या. आमच्याकडे भावाची मुलगी सून करून आणायची रीत जुनी आहे. माणूस ओळखीचं, सासुरवास कमी, अशी समजूत. म्हणजे वनिताचं माहेर तेच गंगाबाईंचंही माहेर. सून परत पाठवली आणि गंगाबाईंच्या स्वतःच्या माहेराचं दार लागलं. भाऊ एकदा बोलायला आला तो ओट्यावरच उभा राहिला. बहिणीच्या घरचं पाणीही घेतलं नाही. "पोरगी नांदवाची नसन तं नका नांदवू, पन बदनाम काऊन करता?" एवढं बोलून तो साखरखेर्ड्याच्या गाडीला लागला. हे मला प्लॉटवर इतर बायांनी सांगितलं.

पुढे चार माणसांनी बसून तोडगा काढला. शहरातल्या एका डॉक्टरांनी गर्भाशयाची पिशवी काढून टाकायचा सल्ला दिला होता. पिशवी काढली की दुखणं संपेल, दुखणं संपलं की लोकांची तोंडं बंद होतील. मूल तसंही होत नव्हतं. संतोषचं दुसरं लग्न करून द्यायचं आणि वनिताला घरातच ठेवायचं. दोन्ही बाजूंनी मान डोलावली. वनिता परत आली तेव्हा मी तिला गाठून विचारलं. ती म्हणाली, "काढून टाकू द्या एकडावची, सिस्टर. मले आता झोप पायजे फक्त." तेवीस वर्षांची पोर हे म्हणत होती आणि मी तिला धीर धर म्हणाले. धीर कशासाठी धरायचा हे मला सांगता आलं नसतं.

क्रॉसिंग संपलं की पिशवी काढायची असं ठरलं. त्याच सुमारास मला जिल्ह्याला प्रशिक्षणाला पाठवलं. बाहेरून आलेल्या एक स्त्रीरोगतज्ज्ञ बाई बोलत होत्या. जेवणानंतरचं सत्र, निम्म्या नर्सबाया पेंगत होत्या, मीही त्यांतलीच. त्या म्हणाल्या, "पिवळं पाकीट दोनदा देऊनही जिचं दुखणं थांबत नाही, तिला तिसऱ्यांदा देऊ नका. तिला विचारा, पाळीलाच दुखतं का, घरात आणखी कुणाला असं दुखतं का." माझी झोप उडाली.

त्या सांगत होत्या त्या आजाराचं नाव एण्डोमेट्रिऑसिस. गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं तसलंच अस्तर काही बायकांच्या पोटात भलत्याच जागी, बीजकोशावर, आतड्यावर, रुजलेलं असतं. आतल्या अस्तरासारखं तेही महिन्याच्या महिन्याला फुगतं आणि पाझरतं, पण त्या रक्ताला बाहेर जायला वाट नसते. शरीर ते निस्तरायला धावतं, म्हणून तिथे सूज येते. काटा मोडल्यावर बोट सुजतं तशी ही सूज. इथे काटा निघत नाही आणि दर महिन्याला नवा मोडतो. वर्षानुवर्षं असं झालं की आतले अवयव एकमेकांना चिकटतात. म्हणजे सूज खरी होती, दुखणंही खरं होतं, जंतू मात्र नव्हता. हा रोग कुणाकडून लागत नाही. तो काहींनाच का होतो याचं एक असं उत्तर अजून कुणाकडे नाही, पण पुष्कळसे बारीक बारीक गुण रक्तातून येतात. एकटा कुठलाच पुरेसा नसतो, पण आई, बहीण, मावशी, आत्या यांना असेल तर मुलीला होण्याची शक्यता वाढते. आणि नुसती पिशवी काढल्याने बाहेर रुजलेलं अस्तर जात नाही.

बाई शांतपणे सांगत होत्या आणि मी मनात पाकिटं मोजत होते. जो जंतू वनिताच्या पोटात नव्हताच त्यावर मी तीनदा औषध दिलं होतं, आणि त्या नसलेल्या जंतूने तिचा संसार मोडायला आणला होता. मला स्वतःची लाज वाटली. तशी लाज नोकरीत दोन-तीनदाच वाटली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्लॉटवर गेले. गंगाबाई टोपलीतली नराची फुलं घेऊन ओळीत होत्या, वनिता घरी पडून. मी त्यांच्या मागोमाग ओळीत शिरले. घरात बसून विचारलं असतं तर त्यांनी दोन शब्दांत मला वाटेला लावलं असतं. हात कामात असले की माणूस बोलतो.

"गंगाबाई, तुमच्या आईला पाळीत त्रास व्हायचा का?"

"झाला तं झाला. सगळ्याच बायांले होते." हात चालूच होते. "माही माय तं त्या दिवसांत गोठ्यात पडून राहे. गुरासारखी कन्हे. माह्या दोन्ही बहिनी तशाच. मी बी तशीच. त्याले काय बिमारी म्हनाव?"

"आणि तुमच्या जावेला?"

"ती? तिले काय होते! ती तं त्या दिवशी गोधड्या धुते."

"शेजारच्या शांताबाईंना?"

गंगाबाई पुढच्या झाडाकडे सरकल्या. आणखी दोन काड्यांवर फूल फिरवलं आणि थांबल्या. "शांताले बी नाही," त्या हळू म्हणाल्या. "कमलीले बी नाही." मग त्या ओळीत पुढे-मागे काम करणाऱ्या एकेक बाईकडे पाहत गेल्या. काहींना होतं, बहुतेकींना थोडं, पण गोठ्यात पडून राहण्यासारखं कुणालाच नव्हतं. पंचेचाळीस वर्षं त्यांनी आपल्या घरचं दुखणं जगाचं दुखणं समजून काढली होती. ज्या घरातल्या साऱ्याच बाया कण्हतात, तिथे कण्हणं म्हणजे पाळी असंच पोरींना वाटत जातं.

मी त्यांना बाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं, जमेल तसं. रक्तातून येतं म्हणाले तेव्हा त्या एकदम वळल्या.

"पन वनी माह्या भावाची पोरगी. भावाले कुठं पिशवी हाये?"

 मी तोंड उघडायच्या आतच गंगाबाईंनी हातातल्या फुलाकडे पाहिलं. "थांबा," त्या म्हणाल्या. "या नराच्या झाडाची बोंडं आपन बियान्यात धरत नाही. पन गुन तं त्याचा बी उतरते. म्हनून तं कंपनी नर देते." मग टोपली बांधावर ठेवून त्या खाली बसल्या. "म्हंजे हे माह्या मायचं. माह्या भावाकून हिच्यात गेलं. बाहेरून नाही आलं."

"नाही आलं," मी म्हटलं. "ती पाकिटं देण्यात माझी चूक झाली. मी संतोषला येऊन सांगते."

"तुमी नका सांगू. तुमचं त्याले खरं वाटनार नाही." हे त्यांनी रागाने नव्हे, सरळ म्हटलं आणि ते बरोबर होतं. मग उठून त्यांनी टोपली पुन्हा उचलली. त्या कशाच्या विचारात आहेत ते मला ठाऊक होतं. त्यांच्या धाकट्या मुलीची, ज्योतीची, बीबीच्या एका घराशी सोयरीक ठरत आली होती. सून निर्दोष आहे हे सांगायचं तर दुखणं आपल्या रक्ताचं आहे हे सांगावं लागणार होतं, आणि गावात निघालेला शब्द बीबीला पोचायला एक बाजाराचा दिवस पुरतो. मी त्यांना आग्रह केला नाही. खरं सांगते, माझी हिंमतच झाली नाही.

तीन दिवसांनी त्यांनी भावाला बोलावून घेतलं. मलाही निरोप आला. ओट्यावर भाऊ, संतोष, दोन शेजारी. वनिता दाराआड. गंगाबाई उभ्या राहून बोलल्या.

"पोरीत खोट नाही. हे दुखनं आपल्या मायचं हाये, भाऊ. मायले होतं, मले हाये, आता हिले आलं. मी हिले नाटकी म्हनलं, ते पाप माहं." मग संतोषकडे वळून, "आन तू जे बोलला, ते तुह्या मायच्या रक्ताले बोलला. समजलं का?"

संतोष मान खाली घालून बसला. भावाने पाणी मागितलं. दाराआडून ते वनितानेच आणून दिलं.

ज्योतीची सोयरीक मोडली. बीबीवाल्यांनी कारण सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. पुढे दोन वर्षांनी तिचं लग्न दुसरीकडे झालं, पण त्या दोन वर्षांत गंगाबाईंना काय काय ऐकावं लागलं ते मी पाहिलं आहे. एकदाही त्या मला म्हणाल्या नाहीत की तुमचं ऐकून मी फसले.

क्रॉसिंग संपल्यावर वनिताला पिशवी काढायला न नेता जालन्याच्या एका डॉक्टरबाईंकडे नेलं. मी रजा टाकून बरोबर गेले. सोनोग्राफीत बीजकोशावर जुन्या रक्ताची गाठ दिसली. पुढे दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. बीजकोश आतड्याला चिकटलेले होते, ते सोडवले, गाठ काढली, जमेल तेवढं अस्तर काढलं. पिशवी राहिली. पाळी थोपवणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. मूल झालं का, हा प्रश्न लोक मला सगळ्यांत आधी विचारतात. नाही झालं. दुखणं पूर्ण गेलं असंही नाही, पण अर्ध्या महिन्याचं दोन दिवसांवर आलं, आणि वनिताला झोप मिळू लागली. संतोषने दुसरं लग्न केलं नाही. संशय घेतल्याबद्दल तो तिच्याशी कधी काही बोलला की नाही, मला माहीत नाही. मीही तिच्याशी त्या पाकिटांबद्दल बोलायला दोन महिने घेतले. ती म्हणाली, "जाऊ द्या ना सिस्टर." मला ते तितकं सोपं गेलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते जालन्याहून परत येतानाचं. ऑपरेशनआधीच्या तपासण्यांचा दिवस होता. एसटीत वनिता खिडकीला टेकून झोपली होती, मी आणि गंगाबाई मागच्या बाकावर. दुपारची वेळ, गाडी अर्धी रिकामी. डॉक्टरबाईंनी बोलता बोलता त्यांनाही सांगितलं होतं की नुसती पिशवी काढल्याने हे बरं होईलच असं नाही. 

"माही पिशवी काढली, त्याले अठरा वर्षं झाली," त्या एकदम म्हणाल्या. "तरी दुखत राह्यलं."

मला हे माहीत नव्हतं. मी तसं म्हटलं.

"तुमाले काऊन माईत नसन? शहरातल्या डाक्टरची चिठ्ठी तं तुमीच देली होती. तुमी नवीन नवीन आल्या होत्या तवा, आमच्या जुन्या दवाखान्यात. हिरवी साडी होती तुमची. एक वेनी घालत होत्या." त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या, समोरच्या बाकाच्या दांडीकडे पाहत होत्या. "मंग मी पुन्हा आली होती दोनदा. दुखते म्हनलं. तुमी म्हनल्या, पिशवीच नाही, तं दुखन कुठून? मनातून काढून टाका म्हनल्या. मंग नाही आली मी."

नोकरीला लागले तेव्हा माझी पहिली नेमणूक याच पट्ट्यात होती, हे खरं. साडी आठवली. ती बाई आठवेना. मी किती चिठ्ठ्या दिल्या असतील आणि किती जणींना मनातून काढून टाका म्हटलं असेल, त्याची मोजदाद नाही. मी तेव्हा बावीस वर्षांची होते, मला वरून जे शिकवलं तेच मी सांगत होते. हे सगळं मनात आलं आणि त्यातलं जे तोंडातून निघालं ते असं:

"गंगाबाई, तेव्हा आम्हालाच माहीत नव्हतं हो."

त्यांनी मान हलवली. राग नव्हता चेहऱ्यावर.

"तुमाले माईत नव्हतं, हे खरं," त्या म्हणाल्या. "पन मी तं सांगत होती ना, सिस्टर."